नख कुठेच अडकलं नाही

कँटीनच्या दाराशी एक काचेचं कपाट होतं. पाहुण्यांना दाखवायच्या वस्तू त्यात असायच्या आणि पाहुणे कधी तिकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. आज त्यात छपाईवाल्याने, म्हणजे थ्रीडी मशीनवर प्लॅस्टिकचे नमुने छापणाऱ्याने, नवं विमान आणून ठेवलं होतं. तळहाताएवढं, पांढरंफटक, अजून जळक्या प्लॅस्टिकचा वास येणारं. सुईबाईने एका हातात चहाचा पेला सांभाळत दुसऱ्या हाताने ते उचललं, आणि घ्यायचं नसलं तरी दुकानातलं कापड चाचपून बघणाऱ्या बाईसारखं पंखावरून नख फिरवलं. पुढून मागे. मागची कड आली, पंख संपला, आणि नख कुठेच अडकलं नाही. अडकायला हवं होतं. पंखाच्या मागच्या अंगाला एक हलता तुकडा असतो, फ्लॅप म्हणतात त्याला, आणि पंख नि फ्लॅप यांच्यामध्ये एक बारीक फट असते, मुद्दाम ठेवलेली. तिने पुन्हा नख फिरवलं. दुसऱ्या पंखावरून फिरवलं. साबणाच्या वडीवरून फिरावं तसं ते फिरलं. "एवढी बारीक फट आमच्या मशीनला जमत नाही, बाई," छपाईवाला मागून म्हणाला. तो कपाटाची काच पुसत होता. "बुजते ती. प्लॅस्टिक आहे, त्याला काय अक्कल." "बुजत असेल," ती म्हणाली. विमान जागेवर ठेवलं आणि जिना चढायला लागली. एवढंच झालं. बघणाऱ्याला काही झालंसं वाटलंही नसतं. पण अर्ध्या जिन्यात तिच्या लक्षात आलं की आपण पेला इतका आवळून धरलाय की बोटं भाजताहेत, आणि भाजताहेत हे आपल्याला आत्ता कळतंय. बुजली तर खूण राहते. भिंतीतलं खिळ्याचं भोक बुजवलं तरी उन्हात दिसतंच. इथे खूणसुद्धा नव्हती.

सुईबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. ऑफिसातल्या लोकांनी पाडलेलं; आवडत नाही असं ती दाखवायची आणि मनातून खूश व्हायची. विमान हवेत कसं वागेल हे ते बांधायच्या आधीच कॉम्प्युटरवर बघायचं असेल तर त्याचा आकार काढावा लागतो, आणि मग त्याच्याभोवतीची सगळी हवा बारीक खणांमध्ये कापावी लागते. जाळीच म्हणा ना. पंखाच्या कातडीला चिकटून मोहरीएवढे खण, लांब गेलं की खोलीएवढे. मग एकेका खणाला विचारायचं, तुझ्यात वारा किती, दाब किती. पण आकारात कुठे केसाएवढी जरी चीर राहिली तरी जाळी त्या चिरेतून विमानाच्या पोटात घुसते आणि सगळं गणित आडवं होतं. आणि आकार यायचे ते घाईत शिवलेल्या झबल्यांसारखे, इथे उसवलेले, तिथे कड जुळत नाही. त्या चिरा हाताने बुजवण्यात तिची उमेदीची अर्धी वर्षं गेली. डोळ्यांत पाणी येईस्तोवर पडद्यावर एकेक कड ओढायची, जोडायची, पुन्हा फिरवून बघायची. मग एक दिवस तिने ठरवलं, हे माणसाचं काम नव्हे. विकतचं काही घेतलं नाही. जगभरच्या लोकांनी लिहून इंटरनेटवर उघड्यावर ठेवलेली सॉफ्टवेअर असतात, ज्यांच्या पोटात कुणीही डोकवावं, दुरुस्त करावं, घेऊन जावं. आकार काढणारं एक, जाळी विणणारं एक, हवेचं गणित करणारं एक. तिन्ही एकमेकांशी न बोलणारी. जावा-जावा परवडल्या. तिने त्यांना एका दावणीला बांधलं, मधे चिरा आपोआप शिवणारी आपली स्क्रिप्ट, एक छोटा प्रोग्रॅमच, घातली, आणि पंख एवढा लांब, फट एवढी रुंद, असे आकडे या टोकाने घातले की त्या टोकाने निकाल बाहेर पडायला लागला. मधे माणसाचा हात नाही. लोकांचं फुकट घेतलं तर आपणही द्यावं, म्हणून ती स्क्रिप्ट तिने आपल्या नावानिशी उघड्यावर ठेवली. कुठल्या कुठल्या देशांची माणसं ती घेऊन गेली, आभार मानून गेली. एकाने लिहिलं होतं, तुमच्या सुईने आमचं वर्ष वाचवलं. तेव्हापासून ही सुईबाई. ते वाक्य तिने घरी आईला वाचून दाखवलं होतं. आई म्हणाली, "फुकट मिळालं की लोक दगडालासुद्धा देव म्हणतील. तू जेव आधी."

जागेवर बसून तिने चहा पडद्याच्या बाजूला ठेवला. कपाटातलं विमान जिच्यावरून छापलं ती फाइल समोरच होती. उघडायची, पंखाची मागची कड मोठी करून बघायची, दोन मिनिटांचं काम. फट असेल तर छपाईच्या मशीनला शिव्या घालायच्या आणि कामाला लागायचं. तिने फाइल उघडली नाही. आधी कीबोर्डवरची धूळ पुसली. मग चष्मा पुसला. मग खालच्या खणात पडलेले जुने पेन एकेक लिहून बघितले, चालणारे एकीकडे, न चालणारे एकीकडे. दुपारी चारला बैठक होती. ढिगाने पंख यंत्राने, म्हणजे तिने बांधलेल्या त्या दावणीने, स्वतःच घडवले होते, वाऱ्याला कोण कमी अडतो ते तपासलं होतं, त्यातल्या त्यात चांगल्यांचे आकडे जरा जरा बदलून त्यांची पिल्लं काढली होती, आणि त्यातून एक पंख पहिला आला होता, बाकीच्यांना इतकं मागे टाकून की साहेबांनी त्याला लाडाने राजपुत्र नाव दिलं होतं; कपाटातल्या विमानालाही तोच होता. आज त्या राजपुत्रावर शिक्कामोर्तब व्हायचं, मग मोठं मॉडेल बनायचं, आणि मग खरा पंख. विमान छोटंच, पण काम मोठं. रस्ता संपतो त्याच्याही पलीकडून आजारी माणसं उचलून आणायचं. तिथे धावपट्टी कुठली, पटांगण असलं तर नशीब. म्हणजे उतरताना विमान अगदी सावकाश यायला हवं, आणि सावकाश आलेलं विमान हवेत तोलून धरते ती हीच फट. खालची हवा तिच्यातून वर शिरते आणि पंखाला पाठीवरून सावरते. फट नसेल तर सावकाश येणारं विमान म्हणजे जिन्याची शेवटची पायरी आहे असं समजून टाकलेलं पाऊल. हे तिला पाठ होतं. हे तिनेच नव्या लोकांना शिकवलेलं. आणि म्हणूनच फाइल उघडवेना. न उघडलेल्या फाइलीत फट अजून होती.

पडदा काळा झाला आणि त्यात तिला आपला चेहरा दिसला, कपाळ मोठं, हनुवटी आईची. तिने माउस हलवून तो घालवला. काही आठवत नव्हतं असं नाही. आठवण दारात उभी होती, आत बोलावलं नव्हतं एवढंच. मागे एकदा असंच झालं होतं, दुसऱ्या दिवशी वरचे लोक यायचे होते, आणि यंत्र सारखं अडत होतं. दर थोड्या वेळाने लाल अक्षरं. हा पंख शिवता येत नाही, तो शिवता येत नाही. किती जवळच्या कडा शिवायच्या याचा एक आकडा स्क्रिप्टच्या अगदी वरच्या ओळीत होता, शून्य पॉइंट शून्य शून्य करत जाणारा. तिने त्यातली दोन शून्यं पुसली. आजच्यापुरती. पडद्यावर शून्यं दिसतात तरी केवढी, मुंगीच्या अंड्याएवढी. पण केसाएवढी चीर शिवणारी सुई तिथून करंगळीएवढी भगदाडं शिवायला लागली. लाल अक्षरं बंद झाली. सगळे पंख सुरळीत पार पडले, एक नाही अडला. वरचे लोक खूश होऊन गेले. नंतर तिने ती शून्यं परत घातली होती का? घातली असणार. आपण तसे विसरणाऱ्यातले नाही. गॅस बंद केला की नाही बघायला ती अर्ध्या वाटेतून परतायची. पण या वेळी तिला बोटांना विचारावं लागलं, आणि बोटांना शून्य पुसल्याचं आठवत होतं, लिहिल्याचं आठवत नव्हतं. तिने थंड चहाचा घोट घेतला. त्यानंतर यंत्र कधीच अडलं नव्हतं. या गोष्टीचा तिला किती अभिमान होता. बैठकीत ती सांगायची, आमचं यंत्र अडत नाही. विणकरकाका अजून या खोलीत असते तर म्हणाले असते, अडत नाही ते यंत्र आहे का घसरगुंडी.

विणकरकाकांनीच तिला हाताने जाळी विणायला शिकवलं होतं. शिकवलं म्हणजे काय, छळलं. एखादी कड तिने चटकन जोडली की मागून खुर्ची ओढल्याचा आवाज यायचा. "शिवलीस?" "शिवली." "कुणाला विचारून? ती चीर होती का फट?" चीर म्हणजे चुकून राहिलेली, फट म्हणजे मुद्दाम ठेवलेली. पडद्यावर दोन्ही सारख्याच दिसायच्या. काका एकेका जागेशी इतका वेळ थांबायचे की तिचा जीव जायचा. नाक ओढायचे, गुडघा हलवायचे, आणि एका विमानाला ऋतू लावायचे. तिची स्क्रिप्ट आली आणि काकांचं काम संपलं. त्यांना खाली जुनी कागदपत्रं लावायच्या विभागात पाठवायचं साहेबांच्या मनात आलं तेव्हा त्यांनी हिला विचारलं होतं, आणि ही म्हणाली होती, "तिथे त्यांना शांतता मिळेल." कसं गोड वाक्य. काका आपली खुर्चीवरची उशी काखेत घेऊन जिना उतरून गेले, कुणाला काही बोलले नाहीत, आणि तेव्हापासून जिन्यात भेटले की हिच्याकडे बघून नुसती मान डोलवायचे. फाइल उघडली आणि तिथे फट नसली तर सगळ्यात आधी तिला दिसणार होतं ते काकांचं हसणं. नोकरी नाही, साहेब नाहीत, पटांगणात उतरणारं विमानसुद्धा नाही. त्या म्हाताऱ्याचं हसणं. आपल्या मनाची ही पत बघून तिला स्वतःचीच किळस आली.

तेवढ्यात फोन वाजला. आई. दुपारी जेवणाच्या वेळेला आई फोन करायचीच, मुलीच्या वयाची पन्नाशी उलटली हे तिच्या हिशेबात नव्हतं. "जेवलीस का?" "जेवले." "जेवलेल्या माणसाचा आवाज असा नसतो." "आई, काम आहे." "काम सगळ्यांनाच असतं. त्याचा फोन आला होता का?" तो म्हणजे दादा. दादा एका संध्याकाळी भरल्या ताटावरून उठून गेला होता, आईच्या एका वाक्यावरून. ते वाक्य काय होतं हे आता दोघांनाही धड सांगता आलं नसतं. तेव्हापासून दोघांमध्ये ही. तो फोनवर म्हणायचा, त्या बाईचं माझ्यापुढे नाव काढू नकोस, आणि ही आईला सांगायची, कामाच्या गडबडीत आहे, तुला विचारत होता. आई म्हणायची, येऊन पाया पडला तरी दार उघडणार नाही, आणि ही त्याला सांगायची, आईचा गुडघा दुखतो, नाहीतर तीच आली असती. वर्षं लोटली होती. हल्ली तर दादा फोनही उचलत नव्हता, पण निरोप चालूच होते. "आला होता," ती आत्ताही म्हणाली, न अडखळता. "काय म्हणाला?" "गुडघ्याची चौकशी केली. जरा सवड झाली की येतो म्हणाला. आईला म्हणावं, जिवाला जप." पलीकडे कुकरची शिट्टी झाली आणि विरली. "आई?" "जिवाला जप म्हणाला?" "हो." "तुझा दादा?" "हो गं." "अगं, तो फोन करील तेव्हा आधी मला चार शिव्या घालील, मग तुला दोन, आणि मग विचारील, म्हातारी अजून आहे का. त्याच्या बोलण्याला काटा असतो, लहानपणापासून. इतकं गुळगुळीत बोलणारं आपल्या घरात एकच माणूस आहे, आणि ते तू आहेस." तिने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. कान गरम झाला होता. "आई, तुला कधीपासून..." "पहिल्यापासून. बरं वाटायचं म्हणून ऐकत होते. पण आज जरा जास्तच तेल लावलंस. ठेवते. आणि जेव."

फोन ठेवल्यावर ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली. खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा टीं टीं आवाज येत होता. रागावण्यासारखं आई काही बोलली नव्हती, आणि तरी अंगावरचं पांघरूण कुणी फर्रकन ओढावं तसं वाटत होतं. पहिल्यापासून. म्हणजे दर दुपारी आपण इकडून शिवत होतो आणि तिकडे ती शिवण बघत होती. तिने फाइल उघडली. ठरवून नाही, हातच पुढे गेला. पंख पडद्यावर आला, जाळी पांघरलेला, राजपुत्रच खरा. तिने मागची कड मोठी केली. अजून मोठी. खण ओळीने येत होते, पंखावरून फ्लॅपवर, फ्लॅपवरून पुढे, कुठे न थांबता, एकसारखे, गोठलेल्या सायीसारखे. फट नव्हती. फटीच्या जागी दोन कडा एकमेकींना चिकटलेल्या, आणि शिवण इतकी बेमालूम की तिलाही आधी माहीत नसतं तर कळली नसती. तिने त्याच्या मागचा, दुसरा आलेला पंख उघडला. तोच प्रकार. तिसरा. चौथा. खाली जाऊन जाऊन एक पंख सापडला ज्याची फट उघडी होती, अंगठ्याएवढी, आणि तो इतका मागे होता की त्याच्याकडे कुणी बघितलंही नव्हतं. मग सगळं एकदम उलगडलं. करंगळीपेक्षा लहान फट असलेला प्रत्येक पंख तिच्या सुईने शिवून टाकला होता. शिवलेल्या पंखावरून हवा सुळकन जाणार, तिला अडथळाच नाही. म्हणून ते पंख पुढे आले. पुढे आले म्हणून यंत्राने त्यांचीच पिल्लं काढली, आणखी लहान फटींची, आणि तीही शिवली गेली, आणि तीही पुढे आली. यंत्र चांगला पंख शोधतच नव्हतं. ते तिची चूक शोधत होतं. ती सापडली, गोड लागली, आणि मग ते तिथेच चरत राहिलं. बिचाऱ्याचं काय चुकलं. त्याला सांगितलं होतं, अडू नकोस.

साहेब खोलीत बैठकीची तयारी करत होते, म्हणजे टाय सरळ करत होते. माणूस वाईट नव्हता. कुणाचा आवाज चढला की लगेच चहा मागवणाऱ्यातला. "या बाई, बसा." "बसत नाही. तो पंख खोटा आहे." "कुठला?" "राजपुत्र." साहेबांचा हात टायवरच राहिला. तिने सांगितलं. दोन शून्यांसकट सांगितलं. बोलताना आवाज सरळ होता. साहेबांनी सगळं ऐकलं, दार लावून घेतलं, आणि हळू आवाजात म्हणाले, "हे आज कळलं?" "कळलं सकाळी. बघितलं आत्ता." "आणखी कुणाला माहीत आहे?" "नाही." ते खुर्चीत बसले आणि त्यांचा चेहरा हळूहळू निवळत गेला. "मग असं करू. आज मंजुरी होऊन जाऊ दे. मॉडेल बनायला वेळ लागतोच. तेवढ्यात तुम्ही आकडा नीट करा, नवा पंख काढा, आणि सुधारित आवृत्ती म्हणून पाठवून द्या. सुधारणा तर होतच असतात. लोकांपुढे उगाच हसं नको, तुमचंही नको, माझंही नको." तिने त्यांच्याकडे बघितलं. किती सरळ होतं. कुणाचं नुकसान नाही, कुणी खोटं बोलणार नाही, दोन कडा जवळ आणायच्या आणि टाके असे घालायचे की दिसू नयेत. हे तर तिचंच काम. तिच्याइतकं सफाईदार इमारतीत कुणाला जमलं नसतं. बरं म्हणायला तिने तोंड उघडलंसुद्धा. जिभेवर शब्द आला, आणि गोड लागला. "आणि बाहेरचे?" ती म्हणाली. "बाहेरचे कोण?" "माझी स्क्रिप्ट ज्यांनी नेली ते. उघड्यावरही ती शून्यं पुसलेलीच आहे. त्यांना कुठे सुधारित आवृत्ती पाठवू? कोण कुठला, मला तोंडं माहीत नाहीत." साहेब हसले, सुटल्यासारखे. "अहो, त्यांचं आपल्याला काय? फुकट नेली ना त्यांनी?" "फुकट दिली म्हणून काय नासकी द्यायची?" हे ती जरा मोठ्यानेच बोलली. बाहेर कुणाची तरी खुर्ची सरकली. साहेबांनी फोन उचलून चहा सांगितला. "एकच," ते म्हणाले.

बैठकीत तिने जे सांगायचं ते सांगितलं. लांबट टेबल, बारीक घरघर करणारा प्रोजेक्टर, पडद्यावर आधी राजपुत्र आणि मग त्याची मोठी केलेली कड. कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. एकाने विचारलं, म्हणजे या वर्षीचं सगळं? ती म्हणाली, सगळं नाही, वरचं. सडलेलं वरच आलं होतं. मंजुरी थांबली. आकडा नीट होईपर्यंत तिची स्क्रिप्ट बंद ठेवायची, दर पंख माणसाने डोळ्यांनी बघितल्याशिवाय पुढे जायचा नाही, आणि बघायला कोण, तर विणकरकाकांना वर बोलवा. हे सगळं तिच्या देखत, ती तिथे नसल्यासारखं ठरलं. तिला वाटलं होतं एकदा सांगून टाकलं की हलकं वाटेल. माणसं सांगतात तसं. काही हलकं वाटलं नाही. उलट छातीत कुणीतरी सामान आणून टाकलं होतं आणि ते कुठे ठेवायचं हे सांगायला कुणी नव्हतं.

काका जिना चढून आले ते दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. "हसायचं असेल तर हसून घ्या," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "थांब. धाप लागलीय. धाप गेली की हसतो." त्यांनी खुर्ची ओढली, बसले, परत उठले. "ही कुणाची खुर्ची? पाठीला टोचते. माझी कुणी नेली?" "लेखा विभागाने." "बसायची अक्कल नाही त्यांना, माझी खुर्ची काय करायचीय." मग ते वाकून पडद्याकडे बघायला लागले. नाक ओढलं. गुडघा हलायला लागला. ती वाट बघत होती, मान खाली घालून, लहानपणी छडीची बघावी तशी. काकांनी पडद्यावरच्या कडेवरून बोट फिरवलं. शेवटी म्हणाले, "शिवलंयस मात्र सुरेख." यात टोमणा किती आणि कौतुक किती हे तिला कळेना, आणि कळून घ्यायची ताकदही नव्हती. "काका, मी तुम्हाला खाली पाठवलं." "माहीत आहे. खाली बरं आहे. खिडकी आहे तिथे. आता तो आकडा नीट कर, आणि लाल अक्षरं येऊ देत की पोटभर." तिने वरच्या ओळीत दोन शून्यं घातली. यंत्र लगेच अडलं. काकांनी बाही वर सारली.

पण आणखी एक काम उरलं होतं आणि ते काकांसमोर करायचं नव्हतं. ते चहाला खाली गेले तेव्हा तिने ती उघडी जागा काढली जिथे तिची स्क्रिप्ट होती, तिचं नाव होतं आणि आभारांची ओळ होती. लिहिलं: या स्क्रिप्टमध्ये क्वचित फट शिवली जाऊ शकते. वाचून बघितलं. क्वचित खोडलं. जाऊ शकते खोडलं. पुन्हा लिहिलं: ही स्क्रिप्ट फट शिवते. चूक माझी आहे. ज्यांनी वापरली त्यांनी आपले पंख उघडून डोळ्यांनी बघा, आकड्यांवर जाऊ नका. खाली नाव टाकलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. पाठवायच्या खुणेवर बोट ठेवून ती बसून राहिली. इतकी वर्षं त्या पानावर लोक येऊन हात जोडून गेले होते. मग दाबलं. काही झालं नाही. दिवा गेला नाही, कुणी दार ठोठावलं नाही. झाडणारी बाई येऊन टेबलाखालचा कागद उचलून गेली. सुईबाईने डबा उघडला, बघितला, आणि झाकण लावलं. बाहेर रस्त्यावर माणसं घरी चालली होती, पिशव्या सांभाळत, एकमेकांना धक्के देत, आणि त्यांच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं की इथे काय पाठवलं गेलंय. जगात कुठे कुठे आत्ता कुणीतरी यंत्र उघडून ते वाचत असेल. किंवा वाचत नसेल. वाचत नसेल हे जास्त वाईट होतं.

पहिलं उत्तर आलं तेव्हा काका परत येऊन लाल अक्षरांशी भांडत होते. तुटक भाषा होती, परक्या माणसाने उसनी घेतल्यासारखी. लिहिलं होतं: आमचं तुमच्या सुईने केलं होतं. बांधलं. उडालं छान. उतरताना, सावकाश येताना, पडलं. आम्हाला वाटलं, वारा. तिने ते पुन्हा वाचलं. वारा. ते सगळे तिथे उभे राहून वाऱ्याला बोल लावत होते. बोटं कीबोर्डवर होती पण अक्षरं सापडत नव्हती, जणू कुणी त्यांच्या जागा बदलल्या होत्या. तिने लिहिलं: आत कुणी होतं का? पाठवलं. "काय गं?" काका म्हणाले. तिने हात वर केला, बोलू नका म्हणून. काकांचा गुडघासुद्धा थांबला. पडद्याच्या कोपऱ्यात पलीकडचं माणूस लिहीत असल्याची खूण यायची आणि जायची. यायची आणि जायची. एवढं काय लिहितोय. हो किंवा नाही, एक अक्षर पुरे होतं. की लिहून खोडतोय, आपल्यासारखं, सौम्य करून. तिला तो माणूस डोळ्यांसमोर आणायचा होता आणि येत होतं ते एक पटांगण, त्यावरचं वाळलेलं गवत, आणि त्या गवताकडे वरून सावकाश, फार सावकाश येणारं काहीतरी. नको, तिने मनात म्हटलं, सौम्य करू नकोस, आहे तसं लिही. मग उत्तर आलं. नाही, कुणी नव्हतं. ते जमिनीवरून उडवलेलं होतं, लहान. आता मोठं तयार आहे. पंख तोच, थोडा जड केलाय, वाऱ्यासाठी. परवा मी बसणार आहे.

तिने लिहिलं: बसू नका. पाठवलं. खूण आली नाही. तिने पुन्हा लिहिलं, नावासकट, बसू नका, आणि पाठवलं, आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं सोडून परत तेच लिहायला लागली.